सावकाश होऊ द्या

नाशिक रोड
१० मे

शामसुंदर,

'चहा पिऊन येतो' म्हणून उठलास, त्याला आता दोन वर्षं होतील. कसला चहा पितोयस रे? आसामात जाऊन पानं खुडण्यापासून सुरुवात केलीस की काय?

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. आणि पत्रच का, असं विचारशील तर फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचलास की नाही हे समोरच्याला कळू नये अशी सोय करून ठेवली आहेस. पत्र निदान पोस्टमन पुण्याला तुझ्या दारात टाकेल. पुढे फाडायचं की वाचायचं ते तुझं तू बघ.

कामाचं लिहिते. रोशनीला तिच्या गावाकडच्या आश्रमशाळेनं बोलावलंय. घोटीपासून बरंच आत आहे, भातखाचरांच्याही पलीकडे. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या सगळ्या मंडळींना घेऊन या. आठवड्याचे तीन दिवस इथे राहा, मुलांना नाटक शिकवा, त्यांच्या बोलीत त्यांच्याकडून नाटक बसवून घ्या. राहायला खोली, जेवण मुलांबरोबर. आणि हे सगळं वर्षभर, शामसुंदर! आजवर आपण काय केलं? उन्हाळी शिबिरं. चार दिवस पोरांना नाचवायचं आणि पाचव्या दिवशी टेम्पोत सामान भरायचं. एका जागी वर्षभर टिकून शिकवायला मिळालं पाहिजे, म्हणून तूच डोकं खायचास ना सगळ्यांचं? ते आता दारात येऊन उभं आहे. शाळा उघडायच्या आत पंगतीचा होकार कळवायचाय.

आणि तो अडलाय तुझ्यापाशी.

हसू नकोस. नियम कुणी केले, आठवतंय ना? प्रतिभावहिनींच्या गच्चीवर, त्या पत्र्याखाली बसून तू आणि मी. संस्थेचं नाव 'पंगत' ठेवलं तेही तिथेच. पंगतीत सगळ्यांच्या पानात सारखं पडतं, तसंच आपल्या नाटकात. ज्याचं काम मोठं त्याने दुसऱ्या दिवशी झाडू मारायचा. पोस्टरवर नाव फक्त 'पंगत', माणसाचं नाही. शिकवणाऱ्याने आधी मुलांकडून काहीतरी शिकायचं, मग तोंड उघडायचं. एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. आणि सोडून जायचं असेल तर सगळ्यांबरोबर गोलात बसायचं, सगळ्यांकडे बघून 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं आणि मगच उठायचं. लग्नाच्या पंगतीत एखादा घाईतला माणूस आजूबाजूच्यांना म्हणतो ना, तसं. ते म्हणेपर्यंत माणूस पानावर बसलेला आहे असंच धरायचं.

तू ते म्हणाला नाहीस. तू चहा म्हणालास.

परवा सुनील म्हणाला, "तो काही बोलत नाही ना, मग त्याचं हो धरू. सिंपल." त्याला म्हटलं, बाबा, नाही धरता येत. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, हे कलम शामसुंदरनेच घातलंय. आठवतंय तुला? रोशनी नववीत होती. शिबिरातल्या नाटकात आपण तिला झिंगलेल्या आदिवासी बाईचं काम दिलं. ती काही बोलली नाही, आपल्याला वाटलं, चाललं तिला. प्रयोगानंतर पोर मोरीत बसून हमसून हमसून रडत होती. तेव्हा तू सगळ्यांना बसवून सांगितलंस, यापुढे तोंडाने हो म्हटल्याशिवाय हो नाही. मला फार अभिमान वाटला होता तुझा.

तेव्हा ये. एकतर पानावर बस आणि शाळेला हो म्हण. नाहीतर सगळ्यांसमोर 'सावकाश होऊ द्या' म्हण आणि सूट. अर्ध्या तासाचं काम आहे. आईला भेटायला नाशिक रोडला येतोसच तू. मला ते भाजीवाल्या लताबाईंकडून कळतं. गेल्या वेळी त्यांच्याकडून मेथी घेऊन गेलास म्हणे. मेथी घ्यायला वेळ मिळतो आणि तिथून दोन गल्ल्या सोडून असलेला जिना चढवत नाही तुझ्याच्याने!

साधना


नाशिक रोड
२४ मे

शामसुंदर,

मूग गिळून बसायचं ठरवलेलं दिसतंय. बस.

काल कामासाठी कॉलेज रोडला गेले होते. सिग्नलला रिक्षा थांबली आणि वर बघते तर तू! चांगला दोन मजली. काळा कुर्ता, दाढी कोरलेली, हाताची घडी. 'शामसुंदर अभिनय अकादमी, आता नाशिकमध्येही.' अरे, हाताची घडी! शिबिराच्या पहिल्या दिवशी आपण मुलांना आधी काय सोडायला लावायचो? हाताची घडीच ना? शाळेत शिकवलेली घडी सोडवायला आपल्याला दोन दोन दिवस लागायचे आणि तू होर्डिंगवर घडी घालून उभा!

त्याच्याखाली काय लिहिलंय ते तुला माहीतच आहे, तरी सांगते. 'पंगत पद्धतीने अभिनय प्रशिक्षण. संकल्पक : शामसुंदर.' संकल्पक! रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, "नाही हो, चेहरा बघितल्यासारखा वाटला." आता तरी पोस्टरवर नाव कुणाचं, हा प्रश्न सुटला म्हणायचा.

त्या दिवशीही हाच प्रश्न होता. पुण्याच्या महोत्सवात आपलं नाटक गाजलं आणि पेपरात आलं, 'दिग्दर्शक शामसुंदर यांचा अस्सल प्रयोग'. आपण गोल करून बसलो. मी तुला एवढंच विचारलं, की हे त्यांनी मनाने लिहिलं की तू सांगितलंस? तू माझ्याकडे बघितलंस आणि चहाला गेलास. मूर्ख माणसा, 'हो, मीच सांगितलं, मला नाव हवं होतं' एवढं म्हणाला असतास तर मी तुझ्या हातात झाडू दिला असता, आठवडाभर गच्ची झाडून घेतली असती आणि विषय संपला असता. भांडण झालं असतं, नाही असं नाही. पण आपली भांडणं काय कमी झाली होती?

दत्तूला होर्डिंगबद्दल सांगितलं. तो द्राक्षांच्या पॅकहाउसमधून सुटल्यावर पिंपळगावहून थेट तालमीला येतो अजून, तसाच बॉक्सच्या वासाचा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, त्यानं तिकडं दुकान टाकलं बी. अन् आपण हितं त्याच्या नावानं पान मांडून बसलोय. लय झालं आता. सोडा की." मी म्हटलं, सोडायला तो सुटू दे तरी. दत्तू प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत राहिला.

रोशनीचं निराळंच. मुख्याध्यापकांचे दोन फोन येऊन गेले तिला. काल मला म्हणते, "ताई, आता तिसरा आला की काय सांगू? आमचा एक माणूस चहाला गेलाय, तो आला की कळवतो?"

हसू आलं मला. तिला नव्हतं आलं.

म्हणून मग मीच गेले तुमच्याकडे, काकूंना भेटायला. म्हटलं, तुमच्या चिरंजीवांना निरोप द्या, एकदा गच्चीवर येऊन जा म्हणावं. काकूंनी हातावर बेसनाचा लाडू ठेवला. म्हणाल्या, "तो म्हणतो साधनाला नियमांचं खूळ आहे. अगं, काय असेल ते मिटवा की तुमचं तुम्ही. लग्नाच्या वयात मिटवलं नाहीत, आता तरी मिटवा." मी लाडू खाल्ला आणि काही बोलले नाही. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे, हे काकूंना कुठून माहीत असणार.

खूळ म्हणालास ना तू? मग आपल्या खुळाची एवढी मोठी पाटी लावून धंदा कशाला करतोस? तुझ्या त्या अकादमीत मोठ्या कामाचा मुलगा दुसऱ्या दिवशी झाडू मारतो का रे? तू मारतोस?

नियमाने वाग किंवा नियमाने जा. तिसरं काही मला नको.

साधना


नाशिक रोड
५ जून

शामसुंदर,

आज हे तुला कळवलंच पाहिजे असं नाही. पण दुसऱ्या कुणाला कळवू, तेही सुचत नाही.

काल पंगत बसली. सुनील, दत्तू, रोशनी आणि मी. सुनील प्रेसमधली ड्यूटी बदलून आला होता, म्हणजे काहीतरी ठरवूनच आले होते हे माझ्या लक्षात आलं. प्रतिभावहिनींनी खालून कैरीचं पन्हं पाठवलं, ते पिऊन झालं आणि सुनीलने घसा साफ केला. "प्रस्ताव आहे," म्हणाला. "शामसुंदरचं पान उचलू या. तो स्वतः म्हणाला नाही तरी आपण म्हणू. आणि शाळेला आजच हो कळवू."

दत्तू म्हणाला, हो. रोशनी म्हणाली, हो. सुनीलचं हो होतंच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, आज आपण शामसुंदरचं पान त्याच्या पाठीमागे उचललं, तर उद्या दत्तूचं उचलू. दत्तूला एखाद्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात महिनाभर यायला जमलं नाही, तर काय आपण त्याला काढायचं? अडचण आली की बदलायचा तो नियम कसला? आपण बाकीच्या नाटक कंपन्यांपेक्षा वेगळे आहोत ते एवढ्यामुळेच ना? मला वाटतं मी चांगलं बोलले. पूर्वी तू बोलायचास तसंच बोलले.

रोशनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, ते कलम माझ्यासाठी केलं होतं ना? मग मीच तोंडाने सांगते. मला ते नको. माझ्याच्यासाठी केलेल्या नियमानं माझीच शाळा अडली. तिथं पोरी अजून मोरीत जाऊन रडतात, ताई. बोलल्या तर पोरं हसतात म्हणून वर्गात तोंड उघडत नाहीत. मला तिथं जायचंय."

मी म्हटलं, "जायला कुणी नको म्हटलंय? फक्त त्याने एकदा येऊन..."

"ते येणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला बी माहीत हाय." चिडली की तिचं बोलणं गावाकडचं होतं, तुला आठवत असेल. "तुम्ही नियमासाठी नाही म्हणत नाही, ताई. नियम काढला तर सरांना बोलवायला तुमच्याकडं काहीच उरणार नाही. म्हणून म्हणताय."

सुनील म्हणाला, "रोशनी, बस झालं." दत्तू खाली बघत होता.

असलं काही नाही, शामसुंदर. मी तिला तेच सांगितलं. असलं काही नाही म्हणून. मुलीला हाताला धरून शिकवावं, डी.एड. करायला लावावं, आणि तिने सगळ्यांदेखत असं बोलावं! मला इतका संताप आला की कान गरम झाले. आणि मग मी म्हटलं, "माझं नाही." चांगलं मोठ्याने म्हटलं. खाली वहिनींनाही ऐकू गेलं असेल.

एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. प्रस्ताव पडला.

मला वाटलं, आता चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग येतील. पण तसं झालं नाही. सुनील मांडी नीट घालून बसला, एकेकाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या." उठला, आणि चपला पायात सरकवून जिना उतरला. मग दत्तू. त्याला ते म्हणता येईना. दोनदा 'सावकाश' म्हणून थांबला. शेवटी म्हणाला एकदाचं, आणि येऊन पाया पडला माझ्या. मी त्याला म्हटलं, "अरे वेड्या, पाया कसला पडतोस?" तर डोळे पुसत गेला.

रोशनी शेवटी. ती रडली नाही. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "सावकाश होऊ द्या, ताई." किती स्वच्छ उच्चार! आपणच घोटून घेतलेला.

तिघंही अगदी नियमाने गेले. बोट ठेवायला जागा नाही. शाळेत ते जातील ते पंगत म्हणून नाही, आपापले म्हणून जातील.

प्रतिभावहिनी पन्ह्याचे ग्लास न्यायला वर आल्या. "आज लवकर आटपलं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि त्यांना ग्लास विसळू लागले.

आता तू खूष असशील.

साधना


नाशिक रोड
१८ जून

शाम,

शाळा उघडली परवा. मी जाऊन आले.

कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळची एसटी धरून घोटीला उतरले, तिथून जीपमध्ये मागच्या बाकावर खताच्या गोण्यांशेजारी बसून पुढे. कशाला गेले म्हणशील तर बघायला गेले की माझ्याशिवाय यांचं कसं फसतं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशीच परत येतील, ताई तुमचंच खरं होतं म्हणतील, असं मनात होतं.

शाळेचा हॉल म्हणजे जेवणाचाच हॉल. मी दारात उभी राहिले. सुनील पातेलं पालथं घालून ठेका धरत होता, दत्तू मुलांच्यात पोर होऊन लोळत होता आणि रोशनी मध्ये उभी. त्यांच्या बोलीत बोलत होती, सगळं मला कळत नव्हतं. जंगल करायचं चाललं होतं बहुतेक. एक ठेंगणी मुलगी पुढे आली आणि ठणकावून म्हणाली, मला झाड नाही व्हायचं. मी मनात म्हटलं, आता बघू. एकीचं नाही आलं. आता बसा सगळे आणि करा चर्चा.

रोशनी हसली. "मग काय व्हायचं?"

"जेसीबी!"

शाम, अख्खा हॉल जेसीबी झाला. काही मुलं झाडं होऊन उभीच राहिली, काही जेसीबी होऊन त्यांच्यावर चालून गेली, आणि झाडांनी एकमेकांचे हात धरून ओरडायला सुरुवात केली. कुणी कुणाला विचारलं नाही. कुणी एकमत केलं नाही. आपण बारा वर्षांत असं दहा मिनिटांचं काही बसवलं नव्हतं. हाताची घडी घातलेलं एकही पोर नव्हतं तिथे. माझी मात्र होती, ते मला नंतर कळलं.

चांगलं चाललं होतं, हेच मला सोसवेना.

रोशनीने बघितलं. पळत आली, "ताई!" म्हणून मिठीच मारली. मनात काही ठेवलेलं नव्हतं तिने. जेवायच्या वेळेला मुलांच्या रांगेत मला बसवलं, ताट ठेवलं आणि वाढणाऱ्या मुलींना ओरडून म्हणाली, "पाहुण्यांना आधी वाढा गं!" पाहुण्या. भात-आमटी होती, चव चांगली होती. मुलांचं जसं जेवण झालं तशी ती उठली, ताटं घेऊन नळावर पळाली. कुणी कुणासाठी थांबलं नाही, आणि कुणाला वाईट वाटलेलंही दिसलं नाही. मी बसून राहिले. शेवटी दत्तूच आला आणि माझं ताट उचलून घेऊन गेला.

परतताना घोटीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते, तेव्हा तुझा मेसेज आला. दोन वर्षांनी पहिला. 'सावकाश होऊ द्या.' खाली जोडलेले हात. काकूंनी सांगितलं असणार, की ती पोरं गेली, साधना एकटी पडली, आता तरी टाक काहीतरी. टाकलंस. एक वडापाव मागवायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल तुला.

रोशनी खरं बोलली होती, शाम. मला तू हवा होतास. शाळा मला नको होती असं नाही, पण तू नसलेली शाळा नको होती. वाटायचं, नियमाने का होईना, एकदा जिना चढशील. वर आलास की बघता येईल. तू आला नाहीस, आणि तुझ्यापायी मी त्या तिघांना पानावरून उठवलं. या वयात हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यावरचा राग लाजेहून मोठा आहे, म्हणून लिहिते.

काल संध्याकाळी गच्चीवर पंगत बसली. हजर : साधना. विषय एकच, शामसुंदरने फोनवरून म्हटलेलं धरायचं की नाही? नियम काय सांगतो, तर गोलात बसून, सगळ्यांकडे बघून म्हणायचं. मी नाही म्हटलं. एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही, आणि सगळे म्हणजे आता मीच. निर्णय एकमताने झाला. तू उठलेला नाहीस. तुझ्या होर्डिंगवर काय लिहायचं ते लिही, किती शाखा काढायच्या त्या काढ, पंगतीच्या हिशेबी तू अजून तुझ्या पानावर बसलेला आहेस.

मलाही उठायचंय रे आता. गुडघे दुखतात, वहिनींना गच्चीवर सोलर बसवायचाय, आणि रोशनी म्हणते, शनिवारी येत जा. पण 'सावकाश होऊ द्या' म्हणायला समोर कुणीतरी जेवत बसलेलं लागतं, आणि तुझ्याशिवाय पंगतीत कुणी उरलेलं नाही.

साधना